‘मॅडम, मला ढ मुलांच्या वर्गात टाकलंय’

दरवर्षी ऑगस्ट महिना लागला की आमच्या महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येते. प्रवेशानंतर घेतलेल्या छोट्या चाचणीवरून ज्या मुलांना इंग्रजी वाचन-लेखनाच्या पायाभूत वर्गात बसवले जाते, त्यांना वाटते की आपल्यावर ‘कच्चा’ असा शिक्का बसला. आणि पहिल्याच तासाला हातात पडलेला नियमांचा कागद पाहून त्यांची खात्री होते की हा वर्ग शिकवण्यासाठी नसून आपल्याला चुकताना पकडण्यासाठी आहे. पालकही विचारतात की एवढे कडक नियम लावायचे होते तर प्रवेश तरी कशाला दिला. या प्रश्नाचे उत्तर मला एका विद्यार्थिनीच्या सोबतीने शोधावे लागले. तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती हकीकत येथे सांगते.

मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, गल्लीत तेलुगू आणि हिंदीची सरमिसळ, आणि इंग्रजी केवळ पुस्तकापुरती. आजोबांची हयात यंत्रमागावर गेली. आई घरी बसून बिड्या वळते. घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली ही पहिलीच. खुर्चीत बसण्याआधीच ती म्हणाली, “मॅडम, मला ढ मुलांच्या वर्गात टाकलंय. बारावीला मला 71 टक्के होते. आणि आता सर म्हणतात, मी कॉपी केली. मला कॉलेज सोडायचंय.” मग तिने पिशवीतून दोन कागद काढले. एक होता नियमांचा, आठ घड्या घातलेला. दुसरा तिने लिहिलेला परिच्छेद, ज्यावर लाल शाईची एक आडवी रेघ होती आणि खाली ‘शून्य’ लिहिले होते.

माझी पहिली चूक अशी झाली की मी तिची समजूत घालायला लागले. तू ढ नाहीस, तुला ढ कोणी म्हणत नाही, मन लावून अभ्यास कर, हे सगळे मी बोलून गेले, आणि ती जमिनीकडे पाहत राहिली. ज्याला अपमान झाल्यासारखे वाटते त्याला केवळ धीर दिला, तर अपमानाची गोष्ट तशीच मागे राहते. तिचे म्हणणे खरे की खोटे हे मी तपासलेच नव्हते.

आणि तिचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे प्रामुख्याने दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक महाविद्यालयांत, अशा वर्गांना ‘डेव्हलपमेंटल’ म्हणतात. तेथे अनेक वर्षे एका चाचणीच्या जोरावर मुलांना असे दोन-दोन, तीन-तीन वर्ग एकामागून एक करायला लावत. शुल्क भरावे लागे, पण त्यांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, पदवीत धरले जात नसत, आणि बरीच मुले मुख्य वर्गापर्यंत पोहोचण्याआधीच शिक्षण सोडून देत. म्हणूनच फ्लोरिडा राज्याने 2013 मध्ये बहुतेक विद्यार्थ्यांसाठी हे वर्ग ऐच्छिक केले, आणि कॅलिफोर्नियाने 2017 च्या कायद्याने मुलांना कोणत्या वर्गात बसवायचे हे ठरवताना शाळेतील गुणही विचारात घेणे बंधनकारक केले. “बारावीला मला 71 टक्के होते” हे तिचे वाक्य म्हणजे नकळत तोच युक्तिवाद होता. म्हणून मी तिच्या परवानगीने तिच्या शिक्षकांना विचारले की शाळेचे गुण आपण का पाहत नाही.

त्यांचे उत्तर मला पटले. आमच्याकडचा हा वर्ग मुख्य अभ्यासक्रमाच्या आधी नसून त्याच्या सोबतच, एकाच सत्रापुरता चालतो, त्यामुळे कोणाचेही वर्ष वाया जात नाही, आणि त्याचा शिक्का पदवीच्या गुणपत्रिकेवर उमटत नाही. शिवाय त्यांनी मला तिची चाचणी दाखवली. दिलेल्या उताऱ्यावरच्या ज्या प्रश्नांचे उत्तर उताऱ्यातील एखादे वाक्य उचलून देता येत होते, ते तिने अचूक सोडवले होते. ‘लेखकाला असे का वाटते’ या प्रश्नापुढे मात्र जागा कोरी होती. शाळेने तिला जे शिकवले त्यात ती पहिल्या रांगेतली होती. जे कधी शिकवलेच नाही ते तिला येत नव्हते, आणि बुद्धी कमी असण्याशी याचा काही संबंध नाही.

दुसऱ्या भेटीत मी नियमांचा कागद टेबलावर पसरला आणि तो तिलाच मोठ्याने वाचायला सांगितला. आठवड्याला 2 तास, 15 आठवडे, एकूण 30 तास. हजेरी किमान 75 टक्के. प्रत्येक लेखन तीन टप्प्यांत: कच्चा खर्डा, दुरुस्त खर्डा, अंतिम प्रत, कच्चा खर्डा दिला नसेल तर अंतिम प्रत तपासली जाणार नाही. मुदतीनंतर काम स्वीकारले जाणार नाही. गाईडमधून, मोबाईलवरून किंवा एआयकडून उतरवलेल्या मजकुराला शून्य गुण. सत्रात दोनदा शिक्षकांना वर्गाबाहेर भेटणे आवश्यक. ती वाचत होती, पण प्रत्येक वाक्याचा पूर्वार्ध संपला की थांबत होती. मुदतीच्या नियमाला पुढे अर्धे वाक्य जोडलेले होते, की अडचण असल्यास मुदतीपूर्वी कळवणाऱ्यास एकदा तीन दिवस वाढवून मिळतील. तिथपर्यंत तिची नजर गेलीच नव्हती. शून्याच्या नियमाखाली लिहिले होते की पहिल्या वेळी तोच विषय आठवड्याभरात स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावा, मग शून्य रद्द होईल. तेही तिने वाचले नव्हते.

मी विचारले, “तू घरी कधी असे कागद वाचतेस का?” यावर ती प्रथमच मोकळेपणाने बोलली. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते. तिचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात, आणि गल्लीतल्या बायका त्यासाठी हिच्याकडे येतात. उत्पन्नाची अट काय, बँक खाते कोणाच्या नावाचे हवे, कोणता दाखला कुठल्या तारखेचा चालतो, हे सगळे ती एकेक अट बोट ठेवून वाचते, आणि शंका आली की फोन करून विचारते. एवढे बारकाईने वाचणारी मुलगी स्वतःच्या वर्गाचा कागद मात्र अर्ध्यावरच सोडते, याचे कारण तिने स्वतःच सांगितले: “ते फॉर्म दुसऱ्यांचे असतात, मॅडम. हा माझ्यावर होता.”

‘माझ्यावर’ हा शब्द मी तेव्हा वहीत लिहून ठेवला. अर्जातली अट ही तिला पूर्ण करायची गोष्ट वाटत होती आणि वर्गाचा नियम हा आपल्यावरचा आरोप वाटत होता. म्हणून आम्ही ठरवले की हा कागद तिने शेजारणीचा अर्ज समजून वाचायचा, पेन्सिलने. कोणती अट माझ्या हातात आहे, कोणत्या अटीला सवलत आहे, आणि कोणती अट मला कळलेली नाही म्हणून विचारायची आहे, अशा खुणा तिने समासात केल्या. एका बैठकीत चार प्रश्न निघाले. त्यांतला एक फार चांगला होता: घरी कामात असताना मोठ्या बहिणीला वाचून दाखवून दुरुस्ती केली तर ती कॉपी होते का? शिक्षकांनी उत्तर दिले की वाचून दाखवणे चालेल, लिहून घेणे चालणार नाही.

तो लाल रेघेचा परिच्छेद मात्र सोपा नव्हता. विषय होता ‘माझ्या आईचा दिवस’. तिने गाईडमधला निबंध सुंदर अक्षरात उतरवला होता, आणि त्या निबंधातली आई पहाटे उठून सर्वांचे डबे भरून साडेनऊच्या बसने कार्यालयात जात होती. “मी चोरी केली नाही, मॅडम,” ती म्हणाली आणि रडू लागली. “शाळेत असंच लिहायचो. बाई म्हणायच्या, जसंच्या तसं लिहा, एक शब्द इकडचा तिकडे नको.” हे तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. आपल्याकडे उत्तर पाठ करून जसेच्या तसे उतरवणाऱ्या मुलीला हुशार म्हणतात, तिची वही वर्गात फिरवतात. आणि तीच मुलगी जून-जुलैमध्ये महाविद्यालयात आली की तेच केल्याबद्दल तिला कॉपी केली असे सांगतात. मधल्या दोन महिन्यांत नियम उलटला आहे हे तिला कोणीही सांगितलेले नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे वाङ्मयचौर्याचे नियम प्रामुख्याने प्रबंध आणि संशोधन डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत, त्यांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे टप्प्याटप्प्याने ती वाढत जाते. पहिल्या वर्षाच्या मुलीच्या दहा ओळींना तो गज लावता येत नाही. अशा वर्गातली पहिली नक्कल ही शिस्तीची बाब न मानता शिकवण्याची बाब मानावी, असे माझे ठाम मत आहे, आणि शून्य देऊन पुन्हा लिहायला लावण्याचा त्या शिक्षकांचा नियम नेमका तेच करत होता. ‘कॉपी’ हा एकच शब्द त्यांनी जरा जपून वापरायला हवा होता, असे मी त्यांना सांगितले, आणि त्यांनी ते मान्य केले.

मी गाईड बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले की तुझी आई काल काय करत होती. तिने मराठीत सांगायला सुरुवात केली, मध्येच तेलुगू शब्द येत होते. तेंदूची पाने रात्री भिजत घालायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायची. चिमटीने तंबाखू भरून पान वळायचे, टोक नखाने आत दाबायचे, दोरा गुंडाळायचा. हजार बिड्या झाल्या की दिवस भरला. कारखान्यात द्यायला गेल्यावर सैल वळलेल्या बिड्या बाजूला काढतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. “मग अम्मा काय करते?” मी विचारले. “काही नाही. दुसऱ्या दिवशी दोरा जास्त घट्ट धरते,” असे म्हणून ती थांबली, आणि तिने आपणहून पेन उचलले.

पहिले वाक्य होते, ‘माय मदर कट द लीफ विथ सीझर’. ‘कट’ला लागणारा ‘एस’ राहिला होता, आणि ‘सीझर’लाही. एकूण आठ वाक्ये झाली, त्यांपैकी सहांत काही ना काही चूक होती, आणि साडेनऊची बस कुठेच नव्हती. हा तिचा कच्चा खर्डा. शिक्षकांनी तो पूर्ण गुणांनी स्वीकारला, कारण कच्च्या खर्ड्याला चुकांसाठी गुण कापायचे नाहीत असे त्यांच्या कागदावर आधीपासून लिहिलेले होते. या टप्प्याला गुण मिळतात ते स्वतः लिहिल्याबद्दल. तीन टप्प्यांचा हट्ट का असतो, हे मुलांना समजावताना मी आता हेच सांगते की चुका दिसल्याशिवाय शिक्षकांना शिकवायला काही हाती लागत नाही, आणि एकदम निर्दोष अंतिम प्रत आणून देणारा विद्यार्थी त्यांना शिकवण्याची संधीच देत नाही.

हजेरीचा प्रश्न त्या मानाने साधा होता. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, पूर्व भागात त्या दिवशी घरात कोणी थांबत नाही. त्यात एक तास गेला होता, आणि आई तापाने आजारी असताना दोन. 30 पैकी 23 तास भरले की 75 टक्के पूर्ण होतात, म्हणजे सात तासांची मुभा आहे आणि त्यांतले चार अजून शिल्लक आहेत, एवढे वहीत मांडून दाखवल्यावर तिची भीती ओसरली. बहुतेक मुले टक्क्यांना घाबरतात, तासांचा हिशेब करत नाहीत. दहा मिनिटे उशीर झाला तर हजेरी नाही, हा नियम मात्र मला अजूनही जाचक वाटतो. घरचे पाणी भरून येणाऱ्या मुलींना तो अधिक लागू पडतो. शिक्षकांचे म्हणणे की पहिल्या दहा मिनिटांतच ते मागच्या खर्ड्यांतल्या चुका सांगतात. आमचे यावर एकमत झालेले नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी तपासावी लागते. काही मुलांची अडचण शाळेच्या सवयींची नसते. अक्षरे उलटसुलट दिसणे, ओळ सुटणे, मराठी वाचतानाही तेवढाच त्रास होणे, अशी लक्षणे असतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत दर तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळतो. या मुलीच्या बाबतीत तसे काही नव्हते, मराठी ती सफाईने वाचत होती.

सत्र संपले तेव्हा ती त्या वर्गात उत्तीर्ण झाली. गुण मध्यम होते. इंग्रजी अजूनही तिला जड जाते, आणि खर्डा द्यायच्या आदल्या दिवशी तिचे पोट दुखते, हे तिने मला नुकतेच सांगितले. कॉलेज सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या तासाला नव्या शिक्षकांनी नव्या विषयाच्या नियमांचा कागद वाटला. त्यांना तिची ही हकीकत ठाऊक नव्हती. नंतर सहज बोलताना त्यांनी मला सांगितले की कागद वाटून झाल्यावर एकच मुलगी उभी राहिली. तिने विचारले होते, “सर, यात ‘आधी कळवावे’ असं लिहिलंय. ते लेखी कळवायचं की तोंडी सांगितलं तर चालेल?”