छरे निवडून वापरल्याने एअर रायफलचा ग्रुप (कागदावर भोकं किती जवळजवळ पडतात ते) सुधारतो का?

दादा, रायफल टेकवून मारली तरी पोरीचे छरे दहा मीटरवर विखुरतात, म्हणून छरे तोलून निवडायचे का, असं तुम्ही विचारलंय. निवडा, पण काट्यापासून सुरुवात करू नका.

आधी डब्यावर लिहिलेला छऱ्याच्या डोक्याचा व्यास बघा: ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी. प्रत्येक नळीला यातला एखादाच मानवतो. तीनही आणा, रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून प्रत्येकाचे पाच-पाच छरे वेगळ्या कागदावर मारा. ज्याच्या पाचही छऱ्यांचं मिळून भोक सगळ्यात लहान, त्याच लॉट नंबरचे (एकाच खेपेत बनलेले) आणखी डबे घेऊन ठेवा. निशाणाच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचं असतं, तिथे हा फरक लगेच दिसतो.

मग छऱ्याचा मागचा पोकळ घेर तपासा. शिसं मऊ, त्यात तालुक्याहून गावापर्यंत एसटीत डबा आदळत येतो, घेर चेपतो. काचेवर हलकेच घरंगळवा. चेपलेला छरा अडखळतो. तो सरळ करायला जाऊ नका, बाजूला काढा. आपल्याकडची धूळही वाईट, झाकण उघडं ठेवू नका.

वजन शेवटी. छरा जेमतेम ०.५३ ग्रॅमचा, मिलिग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर सोडून द्या.

परदेशात लोक बारूद मोजून काडतुसं स्वतः भरतात, ते बघून घरी काही करू नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. आणि शिसं हाताला लागतं, पोरीला जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावा.