घर तारण ठेवून पहिला चित्रपट काढावा का?

प्रश्न : मी सोलापूरचा, वय 33. मुंबईत मराठी मालिकांचा एपिसोड दिग्दर्शक आहे. काम असेल तेव्हा महिना 55 हजार सुटतात, वर्षातले दोन-तीन महिने रिकामे जातात. शिल्लक 4 लाख 20 हजार. पहिला चित्रपट स्वतःच काढायचाय, बजेट 35 लाख. मित्र 8 लाख घालतोय. बाबा टॉवेल कारखान्यातून निवृत्त झालेत. ते 12 लाखांच्या ठेवी मोडायला आणि विजापूर रोडचं घर तारण ठेवून 15 लाख उचलायला तयार आहेत. घ्यावेत का?

उत्तर : नाही. ठेवीही नकोत आणि घर तर नकोच. चित्रपट मात्र सोडू नका, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तुम्ही पाठवलेला बजेटचा कागद मी ओळ न् ओळ वाचला. 18 दिवसांचं शूटिंग, कॅमेरा-लाइटचं भाडं, युनिटचं जेवण, प्रवास, एडिट, साउंड, डीआय (शेवटची रंगदुरुस्ती) सगळं नीट मांडलंय. शेवटून दुसरी ओळ ‘प्रसिद्धी व प्रदर्शन : 2 लाख’, आणि दिग्दर्शकाच्या मानधनापुढे शून्य. माझी काळजी या दोन ओळींची आहे. दोन लाखांत चित्रपट तयार आहे एवढंही लोकांना कळत नाही, थिएटर आणि शो मिळणं लांबच. आणि मानधन शून्य असेल तर शूटिंगच्या आधीचे काही महिने आणि नंतर एडिटला बसाल ते महिने तुम्ही खाणार काय?

कर्जाचा हप्ता तर कागदावर कुठेच नाही. 15 लाख, 10 टक्के, 10 वर्षं धरली तर महिना जवळपास 19,800 रुपये होतात. तो चित्रपट लागेपर्यंत थांबत नाही, कर्ज हातात पडलं की पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. पहिल्याच वर्षात 2 लाख 38 हजार गेले, दहा वर्षांत नुसतं व्याज 8 लाख 80 हजारांच्या घरात. टीआरपी घसरला म्हणून मालिका अचानक गुंडाळली गेली तर हा हप्ता बाबांच्या डोक्यावर येणार.

सरकारी अनुदानावर तुमची भिस्त दिसते. ते चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर, परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यावर मिळतं. मिळालं तर आनंदच, पण त्याच्या भरवशावर घर तारण ठेवायचं नसतं.

नागराज मंजुळेंचं नाव तुम्ही लिहिलंय. ते आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याच्या जेऊरचे. पण त्यांचा क्रम बघा. आधी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट, त्याला राष्ट्रीय पुरस्कार, आणि मग ‘फँड्री’. त्या चित्रपटामागे निर्माते उभे होते. नवख्या दिग्दर्शकावर पैसा लावायला निर्माता तयार होतो तो त्याचं काम पडद्यावर बघून. तेव्हा तुमचे पैसे दोनच ठिकाणी जाऊ द्या : एका लघुपटात, आणि पटकथा निवांत लिहिता येईल अशा महिन्यांत.

4 लाख 20 हजारांतले 2 लाख बँकेत एफडी करून वेगळे ठेवा, ते मालिका बंद पडल्यावरच काढायचे. मालिकेचे पैसे एपिसोड प्रसारित झाल्यावर तीन-तीन महिन्यांनी येतात हे तुम्हाला मी सांगायला नको. दीड लाखात 20 मिनिटांचा लघुपट सोलापुरातच करा. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी कलाकार इथे आहेत, आणि लोकेशनला तुमचंच घर आहे. उरलेल्या 70 हजारांतून आधी स्वतःचा आणि आईबाबांचा आरोग्य विमा उतरवा. फ्रीलान्स माणसाला ना पीएफ ना ईएसआय. पुढची मालिका संपली की चार महिने सोलापुरात येऊन लिहा. मुंबईतला तुमचा खर्च महिना 32 हजार आहे, इथे 12 हजारांत भागेल. पटकथा कुणाला दाखवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. लघुपट आणि पटकथा हातात असली की नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी गोव्यात भरणाऱ्या फिल्म बाजारसाठी (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) अर्ज करता येतो; तिथे निर्माते भेटतात.

दोन वर्षं इन्कम टॅक्स रिटर्न भरलेलं नाही असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मला ते वाचून फार वाईट वाटलं. मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला जातो. वर्षाला पाच लाख धरले तरी 50 हजार झाले. चित्रपट-दिग्दर्शकाला मिळकतीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून रिटर्न भरायची सोय आहे, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुतेक सगळा टीडीएस परत मिळायला हवा. मुदत गेली की तो सोडवणं फार अवघड होतं. या आठवड्यात सीएकडे जाच.

आता बाबांच्या ठेवी. त्यातले 7 लाख पतसंस्थेत आहेत. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलाही असतो, पण पतसंस्थेला तो लागू नाही. मुदत संपेल तशा सगळ्याच ठेवी काढून पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 8.2 टक्क्यांनी 12 लाखांवर दर तिमाहीला 24,600 रुपये येतात. त्यांचं म्हातारपण त्यावर चालू द्या.

निर्माता भेटला की मानधनाचे हप्ते करारात लिहून घ्या : सही करताना, शूटिंग सुरू होताना, शूटिंग संपल्यावर, डबिंगआधी. ‘प्रदर्शनानंतर’ असा हप्ता ठेवलाच तर तो सगळ्यात छोटा असू द्या. आणि सही करण्याआधी तो करार वकिलाला दाखवा, मलाही पाठवा.