रूझवेल्ट वंशावळ: सुरुवात कुठून करावी

थेट १६४०च्या दशकातल्या न्यू ॲमस्टरडॅममध्ये (आजचं न्यू यॉर्क, तेव्हाची डच वसाहत; या घराण्याचा मूळ पुरुष तिथेच आला) उडी मारू नका. सगळे तिथेच अडकतात. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिनपासून (जन्म १८८२) एकेक पिढी वर चढा. त्याचे वडील जेम्स, आजोबा आयझॅक, पणजोबा पुन्हा जेम्स, त्यांचे वडील पुन्हा आयझॅक! म्हणून नुसतं नाव लिहू नका, शेजारी जन्मसाल हवंच.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- थिओडोर (हाही राष्ट्राध्यक्ष झाला) आणि फ्रँकलिन सख्खे चुलतभाऊ समजणं. त्यांचा समाईक पूर्वज, निकोलस, सहा पिढ्या वर सापडतो.
- फ्रँकलिनची बायको एलेनॉर हिचं आडनाव सासरचं मानणं. ती माहेरचीही रूझवेल्टच, थिओडोरची सख्खी पुतणी. १९०५च्या लग्नात कन्यादान (त्यांच्या पद्धतीचं) त्यानेच केलं.

डच स्पेलिंगांचा गुंता सध्या राहू द्या. आधी या सहा पिढ्या कागदावर उतरवा.