देशी गाडी की परदेशी? आधी चॅसिस नंबर बघा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: गाडी घ्यायची आहे आणि ती किमान दहा वर्षं ठेवायची आहे. वडिलांचा आग्रह आहे की देशी कंपनीचीच घ्यावी, पैसा देशात राहतो. भाऊ म्हणतो, आयात केलेली घे, तिचा दर्जाच वेगळा. ऐकावं कुणाचं?

मी सुट्या भागांच्या काउंटरवर एकोणीस वर्षं काढली आहेत. तिथून गाडी शोरूममध्ये दिसते तशी दिसत नाही. माझ्यासमोर येणाऱ्या माणसाच्या हातात तुटलेला आरसा नाहीतर जळलेला सेन्सर असायचा आणि त्याचा पहिला प्रश्न एकच असायचा, "मिळेल ना?" म्हणून माझं उत्तरही तिथूनच येतं. गाडीची कंपनी कुठल्या देशाची हे नंतर बघा. ती गाडी बनली कुठे आणि तिचे भाग तुमच्यापासून किती लांब ठेवलेले आहेत, हे आधी शोधून काढा.

वडील आणि भाऊ, दोघेही बोनेटवरच्या बिल्ल्याबद्दल बोलत आहेत आणि बिल्ला हल्ली फार थोडं सांगतो. व्होल्व्होला सगळे स्वीडनची म्हणतात, पण २०१० पासून तिची मालकी चीनच्या जीलीकडे आहे. जग्वार आणि लँड रोव्हर २००८ पासून टाटांच्या. ब्रिटिश म्हणून ओळखली जाणारी मिनी बीएमडब्ल्यूची, तर एमजी शांघायच्या साइकची. बीएमडब्ल्यूच्या एक्स मालिकेतल्या बऱ्याच गाड्या जर्मनीत नव्हे, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात स्पार्टनबर्गच्या कारखान्यात बनतात आणि तिथून जगभर जातात.

उलटी उदाहरणंही आहेत. अमेरिकेत १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के आयात शुल्क आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर वाढवला, त्याला उत्तर म्हणून ते लावलं गेलं. भांडण मिटलं तरी शुल्क राहिलं. फोर्ड म्हणजे अमेरिकेची अगदी घरची कंपनी, पण तिची ट्रान्झिट कनेक्ट ही व्हॅन तुर्कस्तानात बनून यायची. शुल्क वाचवण्यासाठी ती मागच्या सीट बसवून प्रवासी गाडी म्हणून बंदरात उतरवायची आणि मग सीट काढून मालवाहू म्हणून विकायची. हे प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर भरून ते मिटवलं. त्याच देशात ओहायोतल्या मेरिसव्हिलला होंडा १९८२ पासून अकॉर्ड बनवत होती. मग अमेरिकी माणसासाठी या दोन्हींतली देशी कुठली?

म्हणून चॅसिस नंबर बघायची सवय लावा. तो सतरा अंक-अक्षरांचा असतो. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावर किंवा गाडीच्या कागदपत्रांवर सापडतो. त्यातलं पहिलं अक्षर किंवा पहिली दोन अक्षरं देश सांगतात. जे असेल तर जपान, डब्ल्यू असेल तर जर्मनी, के कोरिया, एल चीन. १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. एमए ते एमई भारत. क्वचित हा संकेत कारखान्याच्या देशाऐवजी कंपनीच्या नोंदणीचा देश दाखवतो, म्हणून दाराच्या खांबावरचा निर्मितीचा शिक्काही वाचा. (त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. कुणी दिलेल्या नंबरात ती दिसली तर नंबर चुकीचा उतरवला आहे किंवा काहीतरी गडबड आहे, असं समजा.)

आता भावाच्या मुद्द्याकडे, म्हणजे परदेशी गाडीच्या दर्जाकडे येतो. यावर बोलताना मला एक कारखाना नेहमी आठवतो. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता आणि कामाच्या बाबतीत त्याची ख्याती फार वाईट होती: गैरहजेरी, भांडणं, सदोष गाड्या. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तो पुन्हा सुरू केला आणि कामगार बहुतांशी जुनेच घेतले. त्यांच्यातल्या काहींना जपानला नेऊन टोयोटाच्या कारखान्यात काम दाखवलं. दोष दिसताक्षणी दोरी ओढून अख्खी लाइन थांबवायची मुभा साध्या कामगारालाही मिळाली. पूर्वी लाइन थांबवणं हा गुन्हा मानला जायचा. थोड्याच काळात त्याच हातांनी बनवलेल्या गाड्या जनरल मोटर्सच्या सर्वोत्तम गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. दर्जा पद्धतीत असतो हे मला या एका कारखान्याने जेवढं पटवलं तेवढं कुणाच्या व्याख्यानाने पटवलं नसतं. माणसं तीच होती, जागा तीच होती.

त्याच लाइनवरून पुढे दोन गाड्या निघायच्या, टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझ्म (जिओ हा जनरल मोटर्सचा बिल्ला). यंत्र एक, सांगाडा एक, कामगार एक. फरक बिल्ल्याचा आणि थोड्याफार सजावटीचा. तरी सेकंड हँड बाजारात कोरोलाला जास्त भाव मिळायचा आणि प्रिझ्म स्वस्त जायची. ज्याला हे ठाऊक होतं त्याने प्रिझ्म घेतली आणि कोरोलाची गाडी कमी पैशांत वर्षानुवर्षं चालवली. भावाला हा किस्सा जरूर सांगा. विकताना बिल्ल्याचे पैसे मिळतात हे खरं आहे, पण तुम्ही दहा वर्षं ठेवणार आहात, तेव्हा तो फायदा बराचसा विरून गेलेला असेल.

वडिलांचा मुद्दा मी हलका समजत नाही. कारखाना बंद पडला की काय होतं ते ऑस्ट्रेलियाने पाहिलं आहे. फोर्ड २०१६ मध्ये थांबली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आधी टोयोटा आणि मग होल्डन, म्हणजे तिथली देशी समजली जाणारी कंपनी. तिथे आज मोठ्या प्रमाणावर मोटारी बनत नाहीत. आणि अशा कारखान्यामागे शेकडो छोटे पुरवठादार असतात: कुणी सीटचं कापड बनवतो, कुणी वायरिंग, कुणी रबरी नळ्या. वडिलांना त्या लोकांची काळजी असेल तर ती रास्त आहे. पण मग बिल्ल्याऐवजी भाग कुठून येतात ते विचारायला हवं. अमेरिकेत यासाठी १९९२ चा कायदा आहे. नव्या गाडीच्या काचेवर लेबल लावावं लागतं: भागांच्या मूल्यात अमेरिका-कॅनडाचा वाटा किती टक्के, अंतिम जुळणी कुठे झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स कुठले. ते लेबल वाचताना लोकांना धक्के बसतात. तुमच्याकडे असं लेबल नसेल तर डीलरला थेट विचारा: ही गाडी तयार होऊन जहाजातून आली, सुटी येऊन इथे जोडली, की इथेच बनली? या धंद्यात पहिलीला सीबीयू आणि दुसरीला सीकेडी म्हणतात. या एका उत्तरावर किंमत, कर आणि पुढची दुरुस्ती, तिन्ही अवलंबून असतात.

मात्र देशी उद्योग जगावा म्हणून दारं बंद करण्याचा भुर्दंड ग्राहकाला पडतो, हेही वडिलांना सांगा. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने वर्षाला १६.८ लाख मोटारींचीच मर्यादा स्वतःवर घालून घेतली. गाड्या कमी आल्या आणि महाग झाल्या. संख्या वाढवता येत नाही म्हटल्यावर जपानी कंपन्या मोठ्या, जास्त नफ्याच्या गाड्या पाठवू लागल्या. पुढे अ‍ॅक्युरा, लेक्सस, इन्फिनिटी हे त्यांचे उंची ब्रँड आले आणि महागड्या गाड्यांच्या बाजारातही त्यांनी पाय रोवले. त्याच काळात त्यांनी अमेरिकेत कारखानेही उभारले.

आता जिथे माझं आयुष्य गेलं त्या विषयाकडे येतो. आयात गाडीत काय अडतं?

सर्वांत आधी, नाव सारखं म्हणजे भाग सारखे असं मुळीच नसतं. एकाच मॉडेलच्या दोन देशांतल्या गाड्यांत ब्रेकच्या डिस्कचा व्यास, अल्टरनेटर, सस्पेन्शनचे बुश, अगदी बंपरच्या क्लिपासुद्धा वेगळ्या निघतात. माणूस म्हणतो, "अहो, ही गाडी तर इथेही विकतात." विकतात, पण त्याची तीच नसते. मी स्वतः याच फेऱ्यात अडकलो होतो. सहा वर्षं जुनी, आयात केलेली स्टेशन वॅगन मी हौसेने घेतली होती. पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं. एबीएसच्या सेन्सरची कडी त्याच्यातच बसवलेली होती, त्यामुळे जवळपास जुळणारं दुसरं चालेना. ज्या वितरकाने दहा दिवसांत देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले त्याने आधी चुकीच्या बाजारपेठेचं बेअरिंग पाठवलं. सात आठवडे गाडी गॅरेजमध्ये उभी होती आणि त्या सात आठवड्यांत आईला उपचारांसाठी दर तीन दिवसांनी न्यायचं होतं. शेवटी भाग आला तेव्हा त्याच्या किमतीपेक्षा वाहतूक आणि शुल्क जास्त झालं होतं. गाडी चांगली होती, अजूनही तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण लांबून आणलेल्या गाडीचा खरा खर्च मला त्या पावतीवर कळला.

दुसरं, गाडी ज्या देशासाठी बनते त्या देशाच्या रस्त्याला जुळवलेली असते. हेडलाइटचा झोत रस्त्याच्या कडेच्या बाजूला थोडा वर उचललेला असतो. डावीकडून चालणाऱ्या देशाची गाडी उजवीकडून चालणाऱ्या देशात नेली की तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. जुन्या जपानी गाड्यांचा एफएम रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर चालतो, बहुतेक जग ८८ ते १०८ वर. न्यूझीलंडमध्ये जपानहून वापरलेल्या गाड्या प्रचंड संख्येने जातात आणि तिथे रेडिओसाठी वेगळा कन्व्हर्टर लावावा लागतो. नॅव्हिगेशन जपानीत बोलतं ते निराळंच. या गोष्टी दुरुस्त होतात. इंधनाचं तसं नाही. अत्यंत कमी गंधकाच्या डिझेलसाठी बनलेल्या इंजिनाला जास्त गंधकाचं डिझेल पाजलं तर धूर गाळणारी यंत्रणा बिघडते आणि ती सर्वांत महाग भागांपैकी एक आहे.

विद्युत गाडी घेणार असाल तर आधी चार्जिंगची खाच बघा. जपानमध्ये चाडेमो, युरोपात सीसीएस-२, चीनमध्ये जीबी/टी. उत्तर अमेरिकेत आणखी निराळ्या. चुकीच्या खाचेची गाडी घेतलीत तर घरी रात्रभर हळू चार्ज करता येईल कदाचित, पण हमरस्त्यावरचा वेगवान चार्जर तुमच्या उपयोगाचा उरणार नाही.

तिसरं, ज्याकडे जवळजवळ कुणी बघत नाही: रिकॉल, म्हणजे दोष सापडला की कंपनी गाड्या परत बोलावून दुरुस्त करून देते ते. कंपनीच्या अधिकृत मार्गाने न आलेली गाडी अनेकदा स्थानिक वितरकाच्या यादीतच नसते. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधून फुगताना धातूचे तुकडे उडत होते आणि त्यात माणसं गेली. अशा वेळी तुमच्यापर्यंत निरोप पोहोचायलाच हवा. विकणाऱ्याला विचारा की रिकॉल निघाला तर काम कोण करून देणार, आणि उत्तर लेखी घ्या.

एवढं वाचून मी देशीच्या बाजूचा आहे असं वाटेल. मी जवळच्या भागांच्या बाजूचा आहे. देशी बिल्लाही हमी देत नाही. होल्डनचा कारखाना बंद झाल्यावर तिच्या जुन्या कमोडोर या गाडीच्याच नावाने जर्मनीत बनलेली गाडी ऑस्ट्रेलियात विकली गेली आणि २०२० मध्ये कंपनीने तो ब्रँडच गुंडाळला. देशाभिमानाने ती घेतलेल्या लोकांकडे परदेशी बनावटीची गाडी राहिली. भागांचा पुरवठा निदान दहा वर्षं चालू ठेवू असं कंपनीने सांगितलं, हा त्यातला दिलासा.

तुमच्या जागी मी असतो तर परदेशी कंपनीची पण तुमच्याच देशात बनणारी, रस्त्यावर भरपूर दिसणारी गाडी आणि तितकीच चालणारी देशी कंपनीची गाडी, या दोघींतून निवड केली असती. जहाजातून तयार येणारी गाडी मी एकाच परिस्थितीत घेईन: मला लागतं ते, समजा चाकाची खुर्ची आत चढेल अशी रचना, देशात कुणी बनवतच नसेल तर. तेव्हा थांबण्याची आणि खर्चाची तयारी ठेवूनच घेईन.

पैसे भरायच्या आधी एक काम करा. निवडलेल्या गाडीचा चॅसिस नंबर घ्या आणि शोरूमला सोडून एखाद्या स्वतंत्र सुट्या भागांच्या काउंटरवर जा. तीन गोष्टी विचारा: समोरची काच, डावा हेडलाइट आणि पुढच्या चाकाचं बेअरिंग. किंमत काय आणि किती दिवसांत. तिन्हींचं उत्तर आठवड्याच्या आत असेल तर बिल्ला कुठलाही असो, घ्या. काउंटरवरचा माणूस नंबर बघून गप्प झाला किंवा "मागवावं लागेल, सांगता येत नाही" म्हणाला, तर ती गाडी सोडा. कुठल्या दोन-तीन गाड्यांत अडकला आहात ते खाली लिहिलंत तर त्यांचे भाग कसे मिळतात ते मला माहीत असेल तेवढं सांगतो.