शाळेला काय हवंय, ते आधी शाळेलाच विचारा

केनियातल्या खेड्यातल्या शाळेसाठी वर्गणी गोळा करायची ठरवलीत, फार आनंद झाला. पण आकडा जाहीर करण्याआधी शाळेच्या व्यवस्थापन मंडळाशी बोला. पालक त्यात असतात आणि कशाची नड आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. तिथे 'हरांबे'ची, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम उभं करण्याची, जुनी परंपरा आहे. १९६३च्या स्वातंत्र्यानंतर कितीतरी शाळा गावकऱ्यांनी स्वतःच्या पैशांनी आणि श्रमांनी उभ्या केल्या. म्हणून वाळू, दगड, मजुरी असा गावाचा वाटा ठेवाच. माझ्या मते तो नसेल तर काम हाती घेऊच नये.

सरकारी प्राथमिक शाळांची फी २००३ मध्ये माफ झाली, तरी गणवेश, जेवण, पाणी यांचा भार बराचसा घरांवरच पडतो. कितुई, माकुएनीसारख्या कोरड्या भागात मी सगळ्यात आधी पाण्याची टाकी आणि छपराला पन्हाळी सुचवेन. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस जास्त भरवशाचा, म्हणजे टाकी सप्टेंबरपर्यंत बसलीच पाहिजे. वर्गणीची तारीख त्यावरून उलटी मोजा.

जुने कपडे जहाजाने पाठवू नका, कृपा करून! त्याच पैशांत गावचा शिंपी गणवेश शिवतो आणि त्याचंही घर चालतं. दुपारच्या जेवणातल्या गिथेरीसाठी, म्हणजे मका-घेवड्याच्या उसळीसाठी, मका आणि घेवडा सुगीनंतर लगेच घ्यावा, तेव्हा स्वस्त मिळतो.

पैसे शाळेच्या खात्यातच जाऊ देत, मुख्याध्यापक कितीही भला असला तरी त्याच्या मोबाइलवर नकोत. पावत्या मागा आणि वर्गणीदारांना दाखवा. मुलांचे केविलवाणे फोटो मात्र पत्रकावर छापू नका.