सर्किट कोर्ट तुमच्या सभागृहात बसेल तेव्हा

प्रिय भावी वकीलबाई,

अमेरिकेतल्या फेडरल अपील कोर्टाचं, म्हणजे सर्किट कोर्टाचं, खंडपीठ तुमच्या लॉ स्कूलमध्ये येतंय, तेही भाषणाला नाही, खरी सुनावणी घ्यायला. तिकडची सर्किटं अधूनमधून अशी कॉलेजात बसतात.

पुण्या-मुंबईची सवय आधी बाजूला ठेव. आपल्या हायकोर्टात अंतिम सुनावणी दिवसदिवस रेंगाळू शकते. तिथे तीन न्यायाधीश आणि प्रत्येक बाजूला साधारण 10 ते 20 मिनिटं. वकिलाचं दुसरं वाक्य संपायच्या आत प्रश्न येतो, कारण सगळं आधीच लेखी गेलेलं असतं. मुख्य ब्रीफला, म्हणजे लेखी युक्तिवादाला, 13,000 शब्दांची मर्यादा, प्रत्युत्तराला 6,500. तू ते वाचलं नसशील, तर काळे झगे बघून परत येशील.

म्हणून त्या दिवशीच्या बोर्डावरचं एकच प्रकरण निवड आणि त्याचे ब्रीफ मिळव. पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस. 'स्टँडर्ड ऑफ रिव्ह्यू' हा मथळा शोध, म्हणजे खालच्या कोर्टाचा निर्णय किती कडक तपासायचा याची कसोटी. मुद्दा कायद्याचा असेल तर अपील कोर्ट पाटी कोरी करून बघतं. खालच्या जजनं काढलेल्या वस्तुस्थितीच्या निष्कर्षाबद्दल असेल तर उघड चूक दाखवावी लागते. विवेकाधिकाराचा असेल तर त्याचा गैरवापर दाखवावा लागतो. पुष्कळ अपिलं इथेच आडवी होतात, आणि विद्यार्थी नेमकं हेच पान उलटून पुढे जातात.

सुनावणीत वहीवर दोन रकाने पाड: जजचा प्रश्न आणि वकिलाच्या उत्तराचं पहिलं वाक्य. 'हो' किंवा 'नाही'ऐवजी 'त्या मुद्द्याकडे मी येतोच' ऐकू आलं की फुली मार. काही प्रश्न वकिलासाठी नसतातच. शेजारच्या जजला पटवायला विचारलेले असतात. ते ओळखता यायला लागले की खरी गंमत.

मग जजांशी प्रश्नोत्तरं. त्याच दिवशी ऐकलेल्या प्रकरणाबद्दल विचारू नकोस. प्रलंबित प्रकरणाच्या गुणदोषांवर जाहीर बोलायला त्यांच्या आचारसंहितेची मनाई आहे. कोर्टाची कार्यपद्धती समजावायला नाही. तेव्हा पद्धतीचं विचार: 'कायदा आणि वस्तुस्थिती एकमेकांत मिसळलेली असेल, तर कोणती कसोटी लावायची हे ब्रीफमध्ये कसं पटवावं?' अर्ध्या मिनिटात, प्रस्तावनेशिवाय. मी कोण, कुठली, हे कुणी विचारलेलं नसतं.

जेवणाच्या टेबलावर क्लार्कशिपसाठी, म्हणजे जजच्या हाताखाली कायदेविषयक मदतनीस म्हणून नोकरीसाठी, सीव्ही काढायचा नाही. सर्किट जजकडे साधारण चार क्लार्क असतात, आणि अर्ज कसा करायचा हे बरेच जज 'ऑस्कर' या सरकारी संकेतस्थळावर सांगतात. तू भारतीय नागरिक. पगाराबाबत नागरिकत्वाची अट आड येऊ शकते, ते करिअर ऑफिसात आधी विचारून घे.

निकालाला महिने लागतील. आला की वही समोर ठेवून वाच. वकिलाला सगळ्यात जास्त छळणाऱ्या जजनं निकाल त्याच्याच बाजूनं लिहिलेला दिसला, तर दचकू नकोस.

तुझी,
मावशी