पानं हळदीसारखी, मग हे लाल बोंड कसलं?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सावंतवाडीजवळ राहतो. विहिरीच्या कडेला सासूबाईंनी कधीकाळी लावलेलं एक झाड आहे, त्या आता नाहीत त्यामुळे विचारायची सोय नाही. पानं हळदीसारखी, उंची कमरेच्या वर. हिवाळ्यात पार वाळून जातं, मेलं म्हणून मी नाद सोडते आणि पाऊस लागला की परत हजर! गणपतीच्या सुमारास जमिनीतून वेगळाच दांडा येतो, त्यावर हिरवं, खवल्याखवल्यांचं बोंड. आता ते लालभडक झालंय आणि दाबलं की बुळबुळीत, वासाचं पाणी निघतं. मुलगा म्हणतो रानहळद, जाऊबाई म्हणतात पेव, नर्सरीवाला टॉर्च जिंजर म्हणून मोकळा झाला. नेमकं काय आहे? आणि चहात घातलं तर चालेल का?

उत्तर : बुळबुळीत पाण्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत, फोटो नसला तरी काम झालं. हे शाम्पू जिंजर, शास्त्रीय नाव झिंजिबर झेरुंबेट, म्हणजे आपल्या आल्याचं अगदी सख्खं भावंड. रानआलं पण म्हणतात लोक, पण ते नाव जंगलातल्या चार वेगवेगळ्या झाडांना चिकटवलेलं असतं त्यामुळे त्याच्यावर जाऊ नका.

या मंडळींची पानं बघून ओळखायला गेलं की हमखास गंडायला होतं, सगळी सारखीच दिसतात. फूल कुठून येतंय ते बघायचं. सोनटक्का आणि रेड जिंजरला पानांच्याच दांड्याच्या शेंड्याला फुलं येतात, तुमच्याकडे बिनपानांचा दांडा थेट जमिनीतून आलाय, म्हणजे ते दोन्ही बाद. पेवाचंही तेच, लाल बोंड शेंड्यावर आणि त्यातून पांढरं मोठं फूल, शिवाय पेवाची पानं दांड्याभोवती गोल फिरत वर चढतात, तुमची समोरासमोर दोन रांगांत असणार, आत्ता जाऊन बघा. रानहळदीच्या तुऱ्याला वर गुलाबी-जांभळट शेंडी असते. राहिलं टॉर्च जिंजर, ते दहा-बारा फूट सहज जातं, कमरेएवढ्यावर थांबत नाही, आणि पाणी असेल तर असं दर हिवाळ्यात गायबही होत नाही. नर्सरीवाल्यांना लाल काही दिसलं की टॉर्च जिंजरच आठवतं, असो.

तुम्ही बोंडाला फूल समजत असाल तर ते फूल नव्हे. खवल्यांच्या मधून फिकट पिवळी नाजूक फुलं एकेक करून डोकावतात आणि लगेच कोमेजतात, सकाळी लवकर नीट बघितलंत तरच दिसतील. पाणी साठतं ते त्या खवल्यांत. हवाई बेटांवर याला अवापुही म्हणतात, पॉलिनेशियन लोकांनी समुद्रावरून तिकडे नेलं, आणि हेच पाणी केसांना चोळतात. तुम्हालाही लावून बघायला हरकत नाही, आधी मनगटावर थोडं लावा, खाज आली नाही तर डोक्याला.

चहात मात्र नको! गड्डा कडू असतो, चहाची वाट लागेल. औषधी म्हणून कोणी सांगितलं तरी आपल्या मनाने पोटात घेऊ नका.

वाळल्यावर पाणी बंद करा, गड्डे झोपलेले असतात, ओल राहिली की कुजतात. सुकलेली पानं तिथेच आच्छादन म्हणून पसरा. लाल बोंडं देठासकट कापून फुलदाणीत ठेवलीत तर बरेच दिवस टिकतात. जाऊबाईंना रोप द्यायचं असेल तर मे महिन्यात, पावसाच्या आधी, डोळा असलेला गड्ड्याचा तुकडा काढून द्या आणि अर्ध्या सावलीत लावायला सांगा.